वेगळं झाल्यावर आधी कुलपं, मग हिशेब

जोडीदारापासून वेगळं झालं की बहुतेक जण पहिल्यांदा बँकेकडे धावतात. धावणं चूक नाही, क्रम चुकतो. बँकेचा पासवर्ड बदलला, पण तो बदलल्याची सूचना आणि 'पासवर्ड विसरलात का?'ची लिंक ज्या ईमेलवर येते, तो ईमेल जुन्या घरातल्या लॅपटॉपवर उघडाच राहिला, तर कुलूप बदलून किल्ली दारातच ठेवल्यासारखं झालं. म्हणून आधी ईमेल आणि फोन, मग पैसा, मग कागद.

त्याआधी एक गोष्ट. मारहाण, धमक्या, पाठलाग असा इतिहास असेल, तर पुढचं काहीही स्वतःच्या फोनवरून लगेच सुरू करू नका. लोकेशन अचानक दिसेनासं झालं की समोरच्याला ते लगेच कळू शकतं, आणि निघून जाण्याच्या आसपासचे दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात. त्या व्यक्तीचा हात कधीच न लागलेल्या फोनवरून मदतवाहिनीशी किंवा समुपदेशकाशी बोला, राहण्याची सोय पक्की करा आणि मगच बदल करा.

पहिली पायरी: ईमेल

पासवर्ड बदलणं हे यातलं सर्वांत सोपं काम. खरी गोम पुढे आहे. सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन कोणकोणत्या उपकरणांवर खातं उघडं आहे ते पाहा आणि अनोळखी किंवा जुनं दिसेल ते काढून टाका. रिकव्हरीसाठी, म्हणजे खातं परत मिळवण्यासाठी, दिलेला नंबर आणि ईमेल कुणाचा आहे, तेही तपासा. लग्नानंतर हौसेनं एकमेकांचे नंबर दिलेले असतात. मग फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. तुमची पत्रं गुपचूप दुसरीकडे पाठवणारा नियम कुणी लावून ठेवला असेल, तर पासवर्ड बदलूनही तो चालूच राहतो.

'पहिल्या शाळेचं नाव काय?' यासारख्या सुरक्षा प्रश्नांची खरी उत्तरं समोरच्याला तोंडपाठ असतात. तिथे खोटी उत्तरं द्या आणि कागदावर लिहून ठेवा. सिमकार्ड त्या व्यक्तीच्या नावावर असेल, तर ओटीपीच्या भरवशावर राहू नका. नवं सिम स्वतःच्या नावावर घ्या आणि दुहेरी पडताळणीसाठी, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या कोडसाठी, तो कोड फोनमध्येच तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरा.

दुसरी पायरी: फोन आणि त्याची पिल्लं

माझी एक मैत्रीण महिनाभर हैराण होती. वकिलाला कधी भेटायचं, हे तिनं फक्त बहिणीला व्हॉट्सॲपवर कळवलेलं, आणि भेट होऊन घरी पोचेपर्यंत तिच्या नवऱ्याचा टोमणा हजर. शेवटी आम्ही दोघींनी तिच्या फोनमधली 'लिंक्ड डिव्हायसेस'ची यादी उघडली. एक जुना लॅपटॉप होता, शेवटचा वापर त्याच सकाळी सात वाजायच्या सुमारास. तिनं यादीचा फोटो काढला आणि मग तो लॅपटॉप लॉगआउट केला. पुढच्या भेटीनंतर टोमणा आला नाही. व्हॉट्सॲप मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणांवर चालतं आणि त्यासाठी फोन जवळ असण्याचीही गरज नसते. ही यादी बघायला अर्धा मिनिटही लागत नाही, पण बघतं कोण?

मग लोकेशन. गूगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग, कुटुंबासाठी घेतलेलं सामायिक खातं, फोटोंचा एकत्र अल्बम, गाडीचं ॲप, दाराचा कॅमेरा, वायफायचा पासवर्ड. मुलांचा टॅबलेट हमखास विसरतो, आणि नेमका तोच दोन्ही घरांत फिरतो. आयफोन असेल तर २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १६ पासून 'सेफ्टी चेक' नावाची सोय आहे. कुणाला काय दिसतंय ते तिथे एकत्र दिसतं आणि बंदही करता येतं. बॅगेत किंवा गाडीत टाकता येणाऱ्या छोट्या ब्लूटूथ ट्रॅकरबद्दल सांगायचं, तर मे २०२४ पासून ॲपल आणि गूगलनं आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याची सूचना देण्याची एकसारखी पद्धत आणली. तशी सूचना आली तर झटकून टाकू नका. ट्रॅकर सापडला, तर हात लावण्याआधी फोटो काढा. तो पुरावा आहे.

तिसरी पायरी: पैसा

एका बैठकीत जमणारं हे काम नाही, चहा घेऊन बसा. गेल्या पूर्ण वर्षाची खात्याची विवरणं काढा. तीन महिन्यांची पुरत नाहीत, कारण विम्याचा हप्ता किंवा शाळेची फी वर्षातून एकदाच उगवते.

नवं खातं शक्यतो वेगळ्याच बँकेत उघडा. त्याच बँकेत असलात तर जुना पत्ता, जुना नंबर आणि ओळखीचा कर्मचारी, तिन्ही गोष्टी मध्ये येतात. पगार नव्या खात्यात वळवा, पण जुनं खातं लगेच बंद करू नका. दोन महिने बघत राहा. कुठले ऑटो-डेबिट अजून तिथून जातात ते कळेल.

जॉइंट खात्यातली सगळी रक्कम एका रात्रीत काढून घ्यायचा मोह होतो. आवरा. पुढे प्रकरण कोर्टात गेलं, की तेच तुमच्या विरोधात वापरलं जाऊ शकतं. त्यापेक्षा वेगळं झालेल्या दिवशीच्या शिलकेचं विवरण जपून ठेवा आणि यापुढे दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत, अशी लेखी विनंती बँकेला करा. तुमच्या क्रेडिट कार्डावर जोडीदाराला दिलेलं जोडकार्ड, म्हणजे ॲड-ऑन कार्डही, बंद करा. खर्च कुणीही करो, बिल मुख्य कार्डधारकाच्याच माथी येतं.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते कर्ज. 'हप्ते तो भरेल' असं दोघांनी आपसात लिहून घेतलं, अगदी कोर्टाच्या हुकुमातही आलं, तरी तेवढ्यानं बँकेशी केलेला करार बदलत नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही आहे तोवर हप्ता थकला, की बँक तुमच्याही दारात येणार आणि डाग तुमच्या क्रेडिट रिपोर्टवरही, म्हणजे कर्जं आणि फेडीची नोंद असलेल्या अहवालावरही, पडणार. सुटका मुख्यतः तीन मार्गांनी: बँकेनं लेखी मोकळं करणं, एकाच्या नावावर नवं कर्ज घेऊन जुनं फेडणं, किंवा मालमत्ता विकून हिशेब संपवणं. क्रेडिट रिपोर्ट काढाच. तुमच्या नावावरचं एखादं कर्ज तुम्हाला पहिल्यांदा तिथेच दिसू शकतं.

नवं बजेट करताना भाडं, जेवण, औषध, मुलांची फी आणि प्रवास हा न टळणारा खर्च आधी लिहा. तेवढ्या एका महिन्याची रक्कम बाजूला पडली, की तीन ते सहा महिन्यांच्या मागे लागा. पोटगी नियमित हातात येईपर्यंत ती जमेच्या बाजूला लिहू नका, मग आकडे कितीही केविलवाणे दिसोत.

चौथी पायरी: बोलणं आणि कागद

जे बोलायचं ते लेखी. 'मुलांना शनिवारी १० वाजता सोडते' एवढंच. पाच ओळींचा आरोप आला, तरी उत्तर त्यातल्या कामाच्या मुद्द्यालाच. फोनवर काही ठरलं, तर लगेच 'आत्ता असं ठरलं' असा मेसेज पाठवून ठेवा. धमकी, अडवणूक, न भरलेला हप्ता, सगळं तारीख-वेळेसह वहीत लिहा.

ओळखपत्रं, मुलांचे जन्मदाखले, मालमत्तेचे कागद यांच्या प्रती घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. विमा, बचत आणि निवृत्तीच्या खात्यांवरचे नॉमिनी एकेक करून तपासा. वेगळं झाल्यावर ते आपोआप बदलतील असं धरून चालू नका. आणि कुलूपबंद फोनच्या स्क्रीनवर आणीबाणीच्या वेळी दिसणारा नंबर बघा. अपघात झाला, तर दवाखान्यातून पहिला फोन त्याच नंबरवर जाईल.