मुळांची रांग संपतच नाही, मग लॉग काढायचा कसा?

लॉग (पाया २) √(१२ + √(१२ + √(१२ + …)))

फळ्यावर हे लिहिलं की नाशिकरोडच्या आमच्या अकरावीच्या वर्गात दोघंतिघं तरी वही आडवी धरतात. सगळी मुळं मावायला हवीत ना! खरं तर दोन लिहिली तरी भागतं.

लॉग (पाया २) म्हणजे २ चा कितवा घात केला की ती संख्या मिळते, ते. पण लॉगला आधी हातच लावू नका. आतल्या अख्ख्या पसाऱ्याला क्ष म्हणा. आता पहिलं मूळ आणि पहिले १२ बोटाने झाका. उरलं काय? तोच पसारा, म्हणजे पुन्हा क्ष. श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला पुढचा एक जण आत गेला तरी मागच्याला रांग तेवढीच दिसते ना, तसंच. म्हणून क्ष = √(१२ + क्ष). वर्ग केला की क्ष² − क्ष − १२ = ०, म्हणजेच (क्ष − ४)(क्ष + ३) = ०. √ चिन्हाची किंमत ऋण नसते, तेव्हा −३ बाद. क्ष = ४, लॉग २.

पटत नसेल तर मोबाइल काढा. √१२ = ३.४६४१. त्यात १२ मिळवून मूळ काढा: ३.९३२४. पुन्हा तेच: ३.९९१५. मग ३.९९८९. चारपासूनचं अंतर दर खेपेला साधारण आठव्या हिश्शावर येतं. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ आठवा: त्याचेच अंक उतरते-चढते मांडून ७६४१ − १४६७ केलं की परत ६१७४. आपला ४ त्याच जातीचा. १२ मिळवा, मूळ काढा, परत ४.

आतले आकडे दर पायरीला बदलत असतील तर मात्र ही युक्ती चालत नाही. रामानुजन यांनी १९११ मध्ये विचारलेलं √(१ + २√(१ + ३√(१ + …))) तसलंच. त्याचं उत्तर ३, पण वाट वेगळी.

वजाबाकीत मुलं हमखास घसरतात. लॉग (पाया १/२) √(२० − √(२० − …)) घ्या. क्ष² + क्ष − २० = ०, म्हणून क्ष = ४ किंवा −५. −५ खोडायचा. पुढे लॉगचं उत्तर −२ येतं आणि त्याच झोकात तेही खोडलं जातं! लॉग खुशाल ऋण असू दे. ज्याचा लॉग काढतो ती संख्या धन हवी.

गुणाकार त्या मानाने सोपा. √(७√(७√७…)) मध्ये क्ष² = ७क्ष, शून्य चालत नाही, म्हणून क्ष = ७ आणि पाया ७ ला लॉग १. फक्त शेवटचे ठिपके आहेत ना, ते बघा. ठिपके नसतील आणि मुळं तीनच असतील, तर लॉग १/२ + १/४ + १/८, म्हणजे ७/८.