मुलांना बिग बँड ऐकवायचाय? ‘इन द मूड’पासून सुरुवात करा

बिग बँड म्हणजे पंधरा-सतरा वादकांचा ताफा: सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि ठेका धरणारे पियानो, बास, गिटार, ड्रम. हे सगळं मुलांना आधी समजावत बसू नका. सरळ ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाचं १९३९चं ‘इन द मूड’ लावा. शेवटाकडे तीच धून पुन्हा पुन्हा येते, आवाज उतरत जातो आणि अचानक सगळा बँड उसळतो. आवाज उतरेल तसं मुलांनी खाली बसत जायचं, उसळला की उडी! लहानगी यात फार रमतात.

मग ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडचं १९४१चं ‘टेक द ए ट्रेन’. सुरुवातीला सॅक्सोफोन धून वाजवतात आणि ट्रम्पेट-ट्रॉम्बोन मध्येच उत्तर देतात. घरात दोन गट करा. एकाने धुनेबरोबर हात हलवायचे, दुसऱ्याने उत्तराबरोबर. हा सवाल-जवाब कानाला कळला की अर्धं काम झालं. टाळी मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. समेवर टाळी द्यायची सवय असलेल्या मोठ्यांनाच हे आधी जड जातं, मुलं पटकन पकडतात.

हिंदी गाणी आवडणाऱ्या मुलांना सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ची (१९५१) गाणीही ऐकवा. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांच्याबरोबर काम करत.

बेनी गुडमन यांचं १९३७चं ‘सिंग, सिंग, सिंग’ आठ मिनिटांहून मोठं आहे. ते नंतर, ड्रमचं वेड लागलेल्या मुलासाठी.