जर्मनीतली तापणारी फरशी आणि तिला जाणारे तडे

दर हिवाळ्यात एक तरी फोन येतोच: "काका, फरशीला तडा गेलाय. घरमालक डिपॉझिट कापेल का हो?" आधी तडा कसा आहे ते नीट बघा, मग काळजी करा.

ओट्यापाशी एकाच टाइलचा टवका उडालाय आणि त्यातून चांदणीसारख्या चिरा फुटल्यात, तर वरून काही तरी पडलंय, खलबत्ता किंवा कुकर. ते नुकसान आपलं. अशा वेळी खासगी हाफ्टफ्लिश्ट विमा, म्हणजे आपल्या हातून झालेल्या दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा, कामी येतो. त्यात भाड्याच्या घराच्या नुकसानीचं कलम आहे ना, हे विमा घेतानाच तपासा. पण दाराच्या कोपऱ्यातून निघालेली सरळ रेघ तीन-चार टाइला कापत गेली असेल, तर दुखणं खालचं आहे.

इथे बऱ्याच नव्या घरांत भिंतीवर रेडिएटर नसतो. फरशीखालच्या कोब्यात नळ्या असतात आणि त्यांतून कोमट पाणी फिरतं. या कोब्याला एस्ट्रिख म्हणतात. सिमेंटचा कोबा दर मीटरला, दर अंशाला साधारण 0.012 मिलिमीटर वाढतो. म्हणजे 8 मीटरचा हॉल 15 अंशांवरून 35 वर गेला की जवळजवळ 2 मिलिमीटर. वरची टाइल वाढते त्याच्या निम्म्याने. ही ओढाताण सोसायला भिंतीलगत फोमची पट्टी आणि दारात सांधा ठेवलेला असतो. तो सांधा कोब्यातून थेट टाइलपर्यंत वर यायला हवा. आपल्याकडे टाइला एकमेकींना भिडवून बसवलेल्या आवडतात. इथेही काही कारागीर दिसायला बरं म्हणून दारातल्या सांध्यावरूनच अख्खी टाइल बसवून टाकतात.

माझ्या पहिल्या फ्लॅटमध्ये हेच झालं होतं. पॅसेजमधून स्वयंपाकघरात जाताना दारात पट्टीने आखल्यासारखा तडा. नाण्याने ठोकलं तर आसपास खणखणीत आवाज आणि तडा गेला होता तिथे बद्द. कारागिराने एक टाइल उचकटली तेव्हा मी शेजारीच उकिडवा बसलो होतो. कोब्यातला सांधा तड्याच्या बरोबर खाली होता. त्याने टाइला सांध्यावर कापून बसवल्या, मधली फट सिलिकॉनने भरली. मी तिथे होतो तोवर तडा पुन्हा आला नाही.

दुसरं कारण घाईचं, आणि घर विकत घेणाऱ्यांनी याकडे नीट लक्ष द्या. सिमेंटचा कोबा घातल्यावर 21 दिवस हीटिंग लावायचं नसतं. मग 3 दिवस 25 अंशांचं पाणी, त्यानंतर 4 दिवस पूर्ण ठरलेलं तापमान. तरीही ओल मोजूनच टाइल बसवायची. हीटिंगवाल्या सिमेंटच्या कोब्यात ती 1.8 टक्क्यांच्या वर चालत नाही. ताबा द्यायची घाई झालेला बिल्डर हे दिवस खातो. मग कोबा टाइलखाली सुकत राहतो, आकसतो, कडेला वाकतो आणि भार टाइलवर येतो. म्हणून ताब्याआधी आउफहाइत्सप्रोटोकोल मागाच. त्यात कुठल्या तारखेला किती तापवलं, याची नोंद असते. बांधकामातल्या दोषांसाठी कायद्याने 5 वर्षं मिळतात, तेवढ्यात लेखी तक्रार करा.

भाडेकरूंनी किल्ल्या घेताना, सामान यायच्या आधी, मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरून प्रत्येक खोली फिरावी. तिरप्या उजेडात केसाएवढी चीरही दिसते. प्रत्येक चीर युबरगाबेप्रोटोकोलमध्ये, म्हणजे घर ताब्यात घेतानाच्या नोंदपत्रात, खोलीवार लिहून घ्या, फोटो काढा. संकोच करू नका, इथे कुणी वाईट मानत नाही. नंतर तडा दिसला तर त्याच दिवशी घरमालकाला ईमेल करा. दोष लगेच कळवणं ही कायद्याने भाडेकरूची जबाबदारी आहे. गप्प राहिलात आणि नुकसान वाढलं, तर त्याची भरपाई तुमच्याकडे मागता येते.

आणि दाराचा स्टॉपर बसवायला फरशीत ड्रिल करू नका. चिकटवायचे स्टॉपर बाजारात मिळतात. खाली नळी नेमकी कुठे आहे, ते वरून दिसत नाही.