टाऊन हॉल बघायला जाताय? मग एवढी तयारी करून निघा

सगळ्यात आधी पत्ता नीट समजून घ्या, कारण मुंबईत टाऊन हॉल म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यासमोर सीएसएमटीसमोरची महापालिकेची घुमटवाली इमारत येते. ती १८९३ ची, आणि नगरसेवक बसतात ते तिथे. आपला टाऊन हॉल तिच्यापेक्षा साठ वर्षांनी जुना, फोर्टात हॉर्निमन सर्कलसमोर, पांढरे खांब आणि लांबलचक पायऱ्यावाला. टॅक्सीवाल्याला टाऊन हॉल सांगत बसू नका, "एशियाटिक लायब्ररी, रिझर्व्ह बँकेजवळ" म्हणा, लगेच कळतं. चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून चालत गेलात तर अजून उत्तम, फोर्टातल्या सावलीच्या फुटपाथवरून सहज जाता येतं.

दिवस कामकाजाचाच धरा. पायऱ्या रविवारीही असतात हो, पण फक्त पायऱ्यांवर बसून रील काढायची असेल तर ही यादी वाचायची गरजच नाही. आत वाचनालय चालू असतं, सरकारी सुट्ट्या मध्ये येतात, कधी सभागृहात कार्यक्रम असतो, म्हणून निघायच्या आधी एक फोन करून वेळ विचारून घ्या आणि फोटोला परवानगी लागेल का तेही तेव्हाच विचारा. ओळखपत्र खिशात ठेवा, बॅग छोटी घ्या, पाण्याची बाटली घ्याच. घरातलं कोणी गुडघेदुखीवालं बरोबर येणार असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा की समोरून चढायच्या तीस पायऱ्या आहेत, आणि पावसाळ्यात गुळगुळीत तळव्याच्या चपला घालून अजिबात येऊ नका.

आता उजेडाचं. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी गेलात तर सूर्य तिच्या मागे असतो, दर्शनी भाग सावलीत आणि फोटोत खांब सगळे करडे. चारनंतर जा. तेव्हा ऊन सरळ खांबांवर पडतं, खाचांच्या सावल्या उभ्या रेषेत दिसायला लागतात आणि मग कळतं की हे बांधणाऱ्याने नुसते खांब उभे केले नव्हते, उजेडाचा हिशोब केला होता. पण आतलंही बघायचं असेल तर तीन-सव्वातीनला पोचून आधी आत जा आणि बाहेरचं शेवटी ठेवा.

थोडा अभ्यास करून जा, मोबाईलच्या नोट्समध्ये चार सालं टाकून ठेवली तरी पुरे. १८०४ ला सर जेम्स मॅकिंटॉश, म्हणजे मुंबईचा तेव्हाचा रेकॉर्डर, मोठा न्यायाधीशच म्हणा, याने लिटररी सोसायटी काढली, हीच पुढे एशियाटिक सोसायटी झाली, पुस्तकं जमली पण धड जागा नव्हती. त्यातूनच टाऊन हॉलची टूम निघाली आणि पैशासाठी चक्क लॉटरी काढली. लॉटरीच्या पैशात एवढं मोठं काम कुठलं पुरं व्हायला, शेवटी कंपनी सरकारला खिशात हात घालावा लागला. १८२१ ला काम सुरू झालं. नकाशा केला कर्नल थॉमस कूपरने, तो बॉम्बे इंजिनियर्समधला, म्हणजे पेशाने लष्करी माणूस. तो १८२५ लाच वारला, इमारत पुरी झाली १८३३ ला, म्हणजे स्वतःचं काम पुरं झालेलं त्याला बघायला मिळालंच नाही. या सालांच्या शेजारी १८१८ पण लिहून ठेवा. पेशवाई बुडाली, पश्चिम हिंदुस्थान कंपनीच्या हातात आला आणि तीनच वर्षांत मुंबईत ग्रीक देवळासारखी इमारत उभी राहायला लागली, हा माझ्या मते योगायोग नाही. ज्याला "आम्ही आता इथे राहायला आलोय" असं सांगायचं असतं तो असंच काहीतरी बांधतो. सीएसएमटी, हायकोर्ट, राजाबाई टॉवर हे सगळं टोकदार कमानींचं गॉथिक प्रकरण चाळीस-पन्नास वर्षांनी आलं, तेव्हा दोन्ही एकाच तराजूत तोलू नका.

पायऱ्यांच्या खाली उभं राहून पाच मिनिटं नुसतं वर बघायचं, ही यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. समोर आठ खांब आहेत, डोरिक पद्धतीचे. त्यांच्या माथ्याकडे बघा. पानं नाहीत, वेटोळी नाहीत, डोक्यावर बोजा घेण्याआधी बाई चुंबळ ठेवते तसा एक गोल दगड, त्यावर चौकोनी लादी, आणि मग थेट वरचं सगळं वजन. डोरिकमध्ये मिरवणं नाही, भार उचलणं आहे. या खांबांची एक गोष्ट फोर्टात वर्षानुवर्षं सांगतात, की खांब विलायतेहून जहाजाने आले, उतरवल्यावर लक्षात आलं की जरा जास्तच दांडगे आहेत, मग त्यातले काही भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला दिले. भायखळ्याला कधी गेलात तर तिथले खांब आठवणीने बघा. खांबांवरून नजर खाली आणून खिडक्यांकडेही बघा, झडपांच्या आहेत. ग्रीसमध्ये कोणाला मुंबईचा जुलै माहीत होता? नकाशा तिकडचा, पण पावसाने आणि उकाड्याने त्यात आपल्या गरजेच्या गोष्टी घालायला लावल्या, आणि मला विचाराल तर तोच भाग जास्त देखणा आहे. हो, आणि याच पायऱ्यांवरून १८५८ च्या नोव्हेंबरात राणीचा जाहीरनामा वाचला गेला, कंपनीचं राज्य संपून राणीचं सुरू झालं तो. आज तिथे कॉलेजची पोरं वडापाव खात बसतात, ते मला जास्त आवडतं.

आत शिरताना मोबाईल सायलेंटवर, बोलणं हळू. हे म्युझियम नाहीये, समोरच्या टेबलावर कोणीतरी खरंच अभ्यास करत असतं. लाकडी जमीन, गोल फिरत जाणारे लोखंडी जिने, उंच कपाटं आणि संगमरवरी पुतळे. पुतळ्यांमध्ये एल्फिन्स्टन आणि माल्कम हे दोन गव्हर्नर सापडतील, दोन्ही फ्रान्सिस चँट्रीने घडवलेले, पण शोधायचा तो जगन्नाथ शंकरशेटांचा. साहेबांच्या गर्दीत आपले नाना. पोरं बरोबर असतील तर त्यांना शोधायला सांगा, तेवढीच ती गुंततात.

काय बघायला मिळणार नाही तेही आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर हिरमोड होतो. इटालियन कवी दान्तेच्या डिव्हाइन कॉमेडी या महाकाव्याची जुनी हस्तलिखित प्रत इथे आहे, मुसोलिनीने ती मागितली होती आणि सोसायटीने दिली नाही असं सांगतात. ती तुम्हाला कोणी सहज काढून दाखवणार नाही, काउंटरवर हुज्जत घालू नका. अकबराची सोन्याची मोहोर आहे, संस्कृत-प्राकृत पोथ्या आहेत, आणि विरार लोकलवाल्यांनी तर अभिमानाने सांगावं असं, १८८२ ला भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याच्या स्तूपातून काढलेले बौद्ध अवशेष पण याच सोसायटीकडे आले. हे सगळं कधीतरी प्रदर्शनात मांडतात, तेव्हाच्या बातमीवर लक्ष ठेवा.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवूनच आत फिरा. सुरुवातीला या सोसायटीत फक्त गोरे होते, पहिले हिंदी सभासद माणकजी करसेटजी, त्यांना घ्यायला १८४० उजाडलं. पहिले हिंदी अध्यक्ष न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग, तेही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. नंतर पां. वा. काणे इथे बसले, धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे, भारतरत्न. दुर्गाबाई भागवत तर वर्षानुवर्षं इथे वाचायला यायच्या. दर्शनी भाग कूपरचा असला तरी आतली टेबलं यांची आहेत, असं मी तरी मानतो.

बाहेर आल्यावर इमारतीच्या मागे कॅमेरा घेऊन भटकू नका, तो नौदलाचा भाग आहे, जुना बॉम्बे कॅसल त्यातच अडकलाय. टाकसाळ आणि रिझर्व्ह बँकेकडेही लेन्स रोखायची नाही, पहारेकरी लगेच हटकतात. त्यापेक्षा रस्ता ओलांडून हॉर्निमन सर्कलच्या बागेत जा, तिथून झाडांमधून अख्खी इमारत एका फ्रेममध्ये येते. वेळ उरला तर पलीकडेच सेंट थॉमस कथिड्रल, १७१८ चं, तेही उरका. आणि परत कधी वाचायलाच यायचं मनात असेल तर निघायच्या आधी काउंटरवर सभासदत्वाचा फॉर्म आणि कागदपत्रं काय लागतात ते विचारून घ्या, त्यासाठी वेगळी खेप नको.