आधी रेशनकार्ड विचारा

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) फील्डवर्कला महापालिकेच्या एका दवाखान्यात आयुष्मान कार्डाचं, म्हणजे केंद्राच्या मोफत उपचार योजनेच्या कार्डाचं, टेबल माझ्याकडे आलं. आधार नंबर टाकायचा, ओटीपी घ्यायचा, झालं! पहिल्या दिवशी पंधरा जण आले आणि कार्डं निघाली दोन.

ओटीपी जायचा गावाकडच्या बंद सिमवर. अंगठा लावावा तर प्लॅस्टर करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा सिमेंटने खाल्लेल्या. चेहरा दाखवूनही ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) होते, हे मला तिथल्या सिस्टरांनी सांगितलं. खुर्ची तेवढी खिडकीजवळ घ्या, अंधारात कॅमेरा ओळखत नाही.

खरा घोळ पुढे होता. "घर कहाँ है?" विचारलं की सगळे वारजे नाहीतर डांगे चौक असे इथले पुण्याकडचेच पत्ते सांगायचे आणि मी शोधायची महाराष्ट्रात. नाव सापडणार कसं? पात्र कुटुंबांची यादी राज्याराज्याची. आता पहिला प्रश्न एकच : राशन कार्ड किस जिले का है, उसमें आपका नाम है क्या? उत्तर प्रदेशातलं असेल तर तिथल्या यादीत शोधायचं. कार्ड पुण्यातल्या योजनेच्या रुग्णालयातही चालतं. लातूर-नांदेडकडची मंडळी असतील तर शिधापत्रिकेवर महात्मा फुले योजना, म्हणजे महाराष्ट्राची आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण दोन्हीकडे आहे.

ठेकेदाराकडे हाउसकीपिंगला किंवा सिक्युरिटीत असलेल्यांची पगाराची स्लिप बघाच. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल आणि ०.७५ टक्के कापले जात असतील, तर तो ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विम्याचा) माणूस. बायकामुलांचे साधे ताप-खोकलेही त्यात बसतात. कित्येकांना पैसे कापले जातात एवढंच माहीत असतं, कशाचे ते नाही.

माझी चूक मात्र सांगायलाच हवी. कार्ड हातात देताना एका बाईंना मी हौसेने म्हटलं, "अब इलाज मुफ्त." आठवड्याने त्या मुलाच्या खोकल्याच्या तपासण्यांचं बिल घेऊन आल्या. भांडल्या नाहीत, कार्ड आणि बिल शेजारी शेजारी ठेवून उभ्या राहिल्या. हे कार्ड बाह्यरुग्ण विभागात चालत नाही. भरती व्हावं लागतं, तेही यादीतल्या रुग्णालयात, यादीतल्या उपचारासाठी. तिथे आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाला, भेटायचं. आता हे मी फोटो काढायच्या आधीच सांगते. काहीजण ऐकून उठून जातात.