विधानमंडळाचे नियम कोण ठरवतं, हे नीट समजून घ्यायचं असेल तर

आधी एक गैरसमज काढून टाका. विधानसभा आणि विधानपरिषद एकत्र बसून नियमांचं एकच पुस्तक मंजूर करतात, असं आपल्याकडे होत नाही. महाराष्ट्रात २८८ आमदारांची विधानसभा, ७८ ची परिषद, दोन्हीकडचे नियम वेगळे, आणि दोघींना जोडणारे नियम तर सभागृहात मतदानाने ठरतच नाहीत.

सुरुवात राज्यघटनेच्या अनुच्छेद २०८ पासून करा, तीनच खंड आहेत. पहिला सांगतो की प्रत्येक सभागृह आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करेल, घटनेच्या चौकटीत राहून. दुसरा, तसे नियम होईपर्यंत जुन्या प्रांतिक विधानमंडळाचे नियम चालतील, विधानसभेचे अध्यक्ष किंवा परिषदेचे सभापती त्यात हवे ते फेरफार करतील. तिसरा खंड मात्र दोनदा वाचा, जिथे परिषद आहे तिथे दोन सभागृहांनी एकमेकांशी कसा व्यवहार करायचा याचे नियम राज्यपाल करू शकतात, तेही अध्यक्ष आणि सभापती या दोघांशी सल्लामसलत केल्यावर. त्यामुळे नियम बदलल्याची बातमी आली की पहिलं हे बघा, की बदल कुठल्या खंडाखालचा आहे.

हे रुक्ष वाटतं, पण एक साधं बिल घेऊन बघा. सभेत मंजूर झालं, परिषदेला संदेश गेला, बिल तिथे पटलावर ठेवलं गेलं. ती तारीख वहीत लिहून ठेवा, कारण अनुच्छेद १९७ प्रमाणे परिषदेचे ३ महिने तिथूनच मोजतात. तेवढ्यात परिषदेने मंजूर केलं नाही आणि सभेने ते पुन्हा पास करून पाठवलं, तर दुसऱ्या वेळी फक्त १ महिना, मग परिषदेची संमती नसली तरी ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं असं धरतात. कोंडी फोडायला संयुक्त बैठक असं उत्तर एमपीएससीची कितीतरी मुलं लिहितात, ते चूक आहे, ती सोय फक्त संसदेत, अनुच्छेद १०८ मध्ये. राज्यपालांच्या अभिभाषणाला दोन्हीकडचे आमदार एकत्र बसतात म्हणून घोळ होतो, पण तिथे बिलावर मतदान नसतं.

आता सभागृहाच्या स्वतःच्या नियमांत बदल. प्रस्ताव नियम समितीकडे जातो, समितीचा अहवाल सभागृहात येतो, सदस्यांना हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते, मग बदल लागू. डिसेंबर २०२१ चं मुंबईतलं अधिवेशन आठवा, विधानसभा अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाऐवजी खुली करायचा बदल आला तेव्हा हरकतींची मुदत १० दिवसांवरून १ दिवसावर आणली आणि विरोधकांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, पण बदल टिकला आणि ३ जुलै २०२२ ला अध्यक्षांची निवड खुल्या पद्धतीनेच झाली, एकेका आमदाराची मोजणी करून. खुलं मतदान चांगलं की वाईट यावर वाद होऊ दे, पण मला मुदत कमी करणं खटकतं, सरकार कोणाचंही असो, कारण आमदाराला नियम वाचून त्यावर बोलायची संधी तेवढीच असते.

आणि ही संधी महत्त्वाची आहे, कारण अनुच्छेद २१२ नुसार कार्यपद्धतीत काही चूक झाली एवढ्याच कारणाने सभागृहाच्या कामकाजाला कोर्टात आव्हान देता येत नाही. म्हणून नुसती अधिसूचना वाचून थांबू नका, त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद काढा, कोण उठून काय बोललं आणि अध्यक्षांच्या किंवा सभापतींच्या आसनावरून काय उत्तर मिळालं ते तिथेच सापडेल.