२१वी पँझर डिव्हिजन: इतिहास वाचताना-लिहिताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती रोमेल याच्या उत्तर आफ्रिकेतल्या मोहिमेवर लिहिताना २१व्या पँझर (म्हणजे रणगाड्यांच्या) डिव्हिजनचं नाव येतंच, आणि पुष्कळदा चुकीच्या जागी येतं. याचं मूळ बहुधा एकाच गोष्टीत असतं: क्रमांक पाहिला जातो, तारीख पाहिली जात नाही.

एका क्रमांकाच्या दोन डिव्हिजन

फेब्रुवारी १९४१ पासून त्रिपोलीत उतरत गेली ती ५वी लाइट डिव्हिजन. तिला २१वी पँझर हे नाव १ ऑगस्ट १९४१ ला मिळालं. त्यामुळे एप्रिल १९४१ मधला लिबियातल्या तोब्रुक बंदरावरचा फसलेला हल्ला २१व्या पँझरच्या खात्यावर टाकणं चूक आहे. मे १९४३ मध्ये ट्युनिशियात ही डिव्हिजन संपली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये तोच क्रमांक देऊन नवी डिव्हिजन उभी केली गेली. तिच्यात आफ्रिकेतून आधीच मायदेशी परतलेले काही जुने लोक होते, पण ‘वाळवंटात तयार झालेली डिव्हिजन नॉर्मंडीत लढली’ असं लिहू नये. तारीख मे १९४३ च्या आधीची की नंतरची, एवढं तपासलं तरी निम्मा घोळ मिटतो.

सगळं रोमेलच्या नावावर

नोव्हेंबर १९४१ मध्ये या डिव्हिजनचा सेनापती फॉन रावेनश्टाइन होता. तो न्यूझीलंडच्या सैनिकांच्या हाती लागला. पुढे गेऑर्ग फॉन बिस्मार्क आला आणि ३१ ऑगस्ट १९४२ ला आलम हाल्फाच्या लढाईत मारला गेला. रोमेल या सगळ्यांच्या वरचा. डिव्हिजनचा निर्णय कोणाचा आणि सैन्याचा कोणाचा, हे वेगळं लिहायला हवं.

‘हिटलर झोपला होता म्हणून रणगाडे हलले नाहीत’

६ जून १९४४ ला मित्रराष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या, त्या दिवसाची ही गोष्ट १२वी एसएस आणि पँझर लेअर या जर्मन रणगाडा डिव्हिजनांची आहे. त्या हिटलरच्या सर्वोच्च मुख्यालयाच्या राखीव दलात होत्या. २१वी पँझर मात्र रोमेलच्या आर्मी ग्रुप बी या सैन्यगटाकडे होती. तिचा उशीर झाला तो वेगळ्या कारणांनी: सेनापती फॉइश्टिंगर त्या रात्री मुख्यालयात नव्हता, आणि ऑर्न नदीच्या पूर्वेला निघालेले रणगाडे मध्येच काँ (Caen) शहराच्या वाटेनं पश्चिमेला वळवावे लागले. संध्याकाळी एक तुकडी किनाऱ्यापर्यंत पोचलीसुद्धा, पण टिकू शकली नाही.

तिथे टायगर किंवा पँथर रणगाडे दाखवणारी चित्रंही वापरू नका. या डिव्हिजनकडे तेव्हा मुख्यतः पँझर ४ रणगाडे होते, आणि जप्त केलेल्या फ्रेंच गाड्यांवर तोफा चढवून तयार केलेली वाहनं.

तोब्रुकची दोन वर्षं एकत्र करणं

मराठी वाचकाच्या दृष्टीनं ही चूक सर्वांत मोठी. १९४१ च्या वेढ्यात ऑस्ट्रेलियन आणि इतर फौजांनी तग धरला, आणि वर्षअखेरीस वेढा उठला. १९४२ मध्ये मात्र बंदर पडलं, आणि पहिला घाव मराठ्यांवर बसला. २० जून १९४२ च्या पहाटे जर्मन विमानांनी तटबंदीचा आग्नेय भाग झोडपून काढला. तिथे ११व्या भारतीय ब्रिगेडमधली २/५ मराठा लाइट इन्फन्ट्री मोर्चे धरून होती. तोब्रुकच्या पश्चिमेकडच्या गझालाच्या फळीसाठी इथले बरेच सुरुंग आधीच काढून नेले होते, रणगाडे अडवायचा खंदकही जागोजागी वाळूनं भरला होता. त्या खिंडारातून १५वी आणि २१वी पँझर आत घुसल्या.

‘मराठ्यांची फळी फुटली’ एवढंच लिहून पुढे जाणं हा अन्याय आहे. सुरुंग कोणी हलवले, खंदक का बुजला, राखीव रणगाडे वेळेवर का आले नाहीत, हे प्रश्न बटालियनचे नाहीत, वरच्या अधिकाऱ्यांचे आहेत.

आणखी एक: तोब्रुकचा प्रमुख असलेल्या दक्षिण आफ्रिकी जनरल क्लॉपरनं २१ जूनच्या सकाळी शरणागती दिली आणि सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले, इथेच बहुतेक वर्णनं थांबतात. पण मराठ्यांच्याच ११व्या भारतीय ब्रिगेडमधले २/७ गुरखा रायफल्स त्या संध्याकाळपर्यंत लढत होते, आणि त्याच ब्रिगेडमधल्या स्कॉटिश कॅमेरॉन हायलँडर्सनी दुसऱ्या दिवशी शस्त्रं खाली ठेवली.